मराठी नावांच्या सफाईसाठी पोस्टग्रेसचा ट्रिगर, दोन वर्षं वापरून लिहितोय

आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो, पगारी नाही, लहानपणापासून तिथलीच पुस्तकं वाचत मोठा झालो म्हणून संध्याकाळी ऑफिस सुटलं की जाऊन बसतो. सभासद, पुस्तकं, देवघेव सगळं पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये आहे, आणि गेली दोन वर्षं त्यातला बिफोर ट्रिगर (ओळ साठवण्याआधी आपोआप चालणारं फंक्शन) आम्ही नावं-पत्ते आपोआप एकसारखे करायला वापरतोय. यावर मराठीत कुणी नीट लिहिलेलं मला तेव्हा सापडलं नव्हतं, इंग्रजीत जे आहे ते सगळं पहिलं अक्षर कॅपिटल करा आणि ईमेल स्मॉल करा इथपर्यंतच, आणि आपल्या देवनागरीत तर कॅपिटल-स्मॉल भानगडच नाही, आपलं दुखणं वेगळंच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात अशी झाली की वार्षिक अहवालासाठी ग्रंथपाल ताईंनी विचारलं, गावाप्रमाणे सभासद किती ते काढून दे. मी साधी ग्रुप बायची (गावाप्रमाणे गट करून मोजणारी) क्वेरी मारली आणि यादीत कऱ्हाड दोनदा आलं. दोन्ही ओळी स्क्रीनवर अगदी सारख्या, एकात जास्त सभासद एकात कमी. ताई म्हणाल्या अरे हे दोनदा का आलंय, मलाही कळेना, आधी वाटलं मागे स्पेस असेल, ट्रिम करून (म्हणजे पुढच्या-मागच्या स्पेस काढून) पाहिलं तरी दोनच. मग दोघांची लेंग्थ, म्हणजे कॅरेक्टर किती ते, विचारली तर एकाची ६ आली आणि एकाची ७. तिथे डोक्यात प्रकाश पडला. आपला हा जो अर्धा र आहे ना, कऱ्हाड, वऱ्हाड, तऱ्हा यातला, तो दोन पद्धतींनी टाईप होतो. एका पद्धतीत नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ घेऊन त्याला हलन्त, आणि दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक न दिसणारं कॅरेक्टर. डोळ्याला फरक शून्य, पण डेटाबेसला ते दोन वेगळे शब्द. आमचा एक कीबोर्ड एका पद्धतीने टाकत होता, ताईंचा मोबाईल दुसऱ्या, आणि जुना डेटा तर नॉन-युनिकोड (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला नंबर देणारी पद्धत) फॉन्टमधून कन्व्हर्ट करून आणलेला, त्यात काय काय होतं ते विचारू नका.

मग शोधत गेलो तसा एकेक नमुना सापडत गेला. डॉक्टरचा डॉ बघा. बरोबर टाईप केला तर ड आणि ॉ अशी २ कॅरेक्टर्स. पण कितीतरी लोक (आणि तो कन्व्हर्टर) ड, मग काना, मग वर अर्धचंद्र असं देतात, ती होतात ३, आणि बहुतेक फॉन्टमध्ये दिसतं तेच. काॅलेज, आॅफिस, हे सगळं त्यातलंच, नेटवर मराठी वाचणाऱ्याने रोज पाहिलेलं असतं फक्त लक्षात आलेलं नसतं. ॲ चं पण तसंच, युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये, व्हर्जन ५.१ ला, त्यामुळे त्याच्या आधीचा मजकूर आणि जुन्या कीबोर्डवरचा मजकूर अ वर अर्धचंद्र ठेवून लिहिलेला असतो. वकिलांच्या नावामागे ॲड. लावलेली आमची अर्धी मंडळी सर्चमध्ये सापडायचीच नाहीत, आणि ताईंना वाटायचं आपल्यालाच नीट टाईप करता येत नाही. याचं मला खूप वाईट वाटलं होतं, कारण चूक त्यांची नव्हतीच.

पोस्टग्रेसमध्ये व्हर्जन १३ पासून, म्हणजे २०२० पासून, नॉर्मलाइझ नावाचं फंक्शन आहे, एकच अक्षर वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेलं असेल तर ते एकसारखं करणारं, डेटाबेसचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ असलं की चालतं. मला वाटलं झालं, हे लावलं की सुटलो. सुटलो नाही. एनएफसी (नॉर्मलाइझची नेहमीची, अक्षरं जोडणारी) पद्धतीने नॉर्मलाइझ केलं की र अधिक नुक्ता एकत्र येऊन ऱ होतो हे खरं, पण ग़ज़ल मधले ग़ आणि ज़ जर अखंड कॅरेक्टर म्हणून आले असतील तर ते उलट सुटे होतात, ३ कॅरेक्टरचा शब्द ५ चा होतो. त्यात बिघडत काही नाही, सगळीकडे एकसारखं झालं म्हणजे झालं. पण डॉ आणि ॲ ला आणि जॉइनरवाल्या र ला ते हातच लावत नाही, कारण युनिकोडच्या नियमाने ते समान धरलेलेच नाहीत. ते आपलं आपल्यालाच लिहावं लागतं.

तर आता ट्रिगर. कल्पना सोपी आहे, टेबलवर एक फंक्शन बांधून ठेवायचं, बिफोर इन्सर्ट ऑर अपडेट, फॉर ईच रो, म्हणजे कुठलीही ओळ टेबलात बसण्याआधी त्या फंक्शनच्या हातातून जाते, तिथे नव्या ओळीतलं नाव घ्यायचं, साफ करायचं, परत ठेवायचं आणि रिटर्न न्यू म्हणायचं. आमच्याकडे डेटा तीन वाटांनी येतो, ताईंचा वेब फॉर्म, शाळांकडून येणाऱ्या एक्सेलच्या याद्या ज्या मी सीएसव्ही करून कॉपी कमांडने भरतो, आणि कधीकधी मी स्वतः हाताने चालवलेली अपडेट. फॉर्ममध्ये सफाई लिहिली असती तर बाकी दोन वाटा उघड्याच राहिल्या असत्या. ट्रिगर मात्र तिन्हीकडे चालतो, कॉपी कमांडने एकदम ४०० ओळी आल्या तरी प्रत्येक ओळीवर चालतो, आणि याच एका गोष्टीसाठी मी तो कुणालाही घ्या म्हणून सांगेन. दारातच पाय धुवून आत घेतल्यासारखं आहे, मग घरात कोण कुठून आला ते बघत बसावं लागत नाही.

अजून एक आवडलेली गोष्ट म्हणजे बिफोर ट्रिगर हा नॉट नल (रिकामं नको), चेक (ठरलेली अट पाळ), युनिक (दुबार नको) या सगळ्या बंधनांच्या आधी चालतो. पूर्वी फॉर्मवर नाव आवश्यक केलं होतं तर घाईत कुणीतरी एक स्पेस मारून पुढे जायचं आणि बिननावाचा सभासद तयार व्हायचा. आता फंक्शन स्पेस काढतं, उरलेलं रिकामं असेल तर नल (म्हणजे काहीच नाही) करतं, आणि मग नॉट नल त्याला अडवतो. फॉर्मवर लगेच एरर. छान बसलंय ते.

आता ठेचा सांगतो, कारण खरा उपयोग त्याचाच होईल.

पहिली ठेच क्रमाची. मी उत्साहात पहिल्याच ओळीत सगळे न दिसणारे कॅरेक्टर काढून टाकले, जॉइनर (८२०५ नंबरचा), नॉन-जॉइनर (८२०४), झिरो विड्थ स्पेस (८२०३), सगळे. आणि त्यानंतर अर्ध्या र ची दुरुस्ती. पण जॉइनर आधीच गेला तर दुरुस्त काय करणार, कऱ्हाडचं कर्हाड झालं, रफार ह च्या डोक्यावर. बरं हे नुसतं दिसण्यापुरतं नाही, मराठीत याने अर्थ बदलतो. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या आणि दर्या म्हणजे समुद्र. आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना आणि आचार्यांना म्हणजे गुरुजनांना. पाककृतीच्या पुस्तकांच्या नोंदीत आचार्यांसाठी असं आल्यावर मला कळलं आपण काय करून बसलोय. नशिबाने आदल्या रात्रीचा बॅकअप होता. आता आधी नॉर्मलाइझ, मग र-हलन्त-जॉइनर याचं ऱ-हलन्त, मग काना-अर्धचंद्राचं ॉ, आ वर अर्धचंद्राचं ऑ, अ वर अर्धचंद्राचं ॲ, आणि सगळ्यात शेवटी उरलेसुरले जॉइनर काढायचे, तेसुद्धा फक्त सभासदांच्या नावा-पत्त्यात. पुस्तकाच्या शीर्षकात मी उरलेल्यांना हात लावत नाही, तिथे कुणीतरी मुद्दाम ठेवलेले असू शकतात.

स्पेसचंही सांगतो. ट्रिम फक्त साधी स्पेस काढतं. वर्डमधून किंवा वेबपेजवरून चिकटवलेल्या मजकुरात जी न तुटणारी स्पेस येते, १६० नंबरची, ती तशीच राहते, त्यामुळे आधी तिची साधी स्पेस करून घ्यायची. आणि मधल्या दोन-तीन स्पेसची एक करायला रेग्युलर एक्स्प्रेशन लावाल तेव्हा शेवटी 'g' ही फ्लॅग (सगळीकडे बदल अशी खूण) द्यायला विसरू नका, नाहीतर फक्त पहिली जागा दुरुस्त होते आणि आडनावाच्या आधीच्या दोन स्पेस तशाच. मला हे आठवडाभराने कळलं, कारण टेस्ट करताना मी नाव आणि आडनाव एवढंच घेतलं होतं, वडलांचं नाव घातलंच नव्हतं.

दुसरी ठेच जास्त लागली. नाव रिकामं आलं तर एरर यावी म्हणून मी सुरुवातीला रिटर्न नल लिहिलं होतं. बिफोर ट्रिगरमध्ये रिटर्न नल म्हणजे एरर नाही हो, ती ओळ गुपचूप सोडून दे असा त्याचा अर्थ. कुठे लाल अक्षर नाही काही नाही, इन्सर्टच्या उत्तरात शेवटी १ च्या जागी ० येतो एवढंच, आणि ते बघतंय कोण. दोन मुलांचे फॉर्म असे गेले, नाव चुकून गावाच्या रकान्यात टाईप झालं होतं म्हणून. मुलं पुस्तक न्यायला आली आणि यादीत नाहीत. दोघंही काही बोलले नाहीत, गप उभे राहिले, ताईंनी हाताने वहीत लिहून त्यांना पुस्तकं दिली. तेव्हापासून माझा नियम आहे, सफाईच्या ट्रिगरने ओळ कधीच गिळायची नाही, एक तर दुरुस्त करून पुढे पाठव नाहीतर मोठ्याने रेझ एक्सेप्शन कर, म्हणजे सरळ एरर दे.

तिसरी म्हणजे ट्रिगर एकापेक्षा जास्त असले तर पोस्टग्रेस त्यांना नावाच्या अक्षरक्रमाने चालवतं, तुम्ही आधी कुठला बनवला याला काही किंमत नाही. माझा एक ट्रिगर साफ करायचा आणि दुसरा साफ झालेल्या नावावरून शोधाची 'की' (key, शोधण्यासाठी वेगळं ठेवलेलं रूप) बनवायचा. दुसऱ्याचं नाव के ने सुरू होत होतं आणि पहिल्याचं एस ने, त्यामुळे ती 'की' आधी बनायची, न धुतलेल्या नावावरून. आता दोन्ही कामं एकाच फंक्शनमध्ये एकाखाली एक केलीयत, वाचायलाही सोपं पडतं.

जुन्या ओळींना ट्रिगर आपणहून काही करत नाही हे लक्षात ठेवा, तो फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघतो. जुन्यांसाठी एकदा अपडेट मारून नावाला नावच द्यायचं, म्हणजे सगळ्या ओळी त्यातून जातात. पण ट्रिगरला वेन (WHEN, म्हणजे अट) लावून जुनं-नवं वेगळं असेल तरच चाल असं सांगितलं असेल तर हा उपाय चालत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही बदललेलंच नसतं. आणि साफ केल्यावर दोन ओळी सारख्या होऊन युनिकला धडकल्या तर पूर्ण अपडेटच मागे फिरते, एका ओळीसाठी सगळ्या. आमच्याकडे एकाच माणसाची दोन कार्डं अशी बरीच निघाली, ती ताईंनी आणि मी दोन रविवार बसून रजिस्टर बघून जुळवली. मशीनवर सोडलं नाही, कारण एकाच नावाचे आजोबा आणि नातू पण होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो. काम चांगलं चाललंय बघून मला जोर आला आणि मी त्या फंक्शनमध्ये आडनावांची एक छोटी यादी घातली, म्हणजे कुळकर्णी आलं की कुलकर्णी कर, जोषी आलं की जोशी कर. मला वाटलं टायपिंगच्याच चुका आहेत. पंधरा दिवसांनी एक वयस्कर सभासद नवीन छापलेलं कार्ड घेऊन आले, टेबलावर ठेवलं आणि नावावर बोट ठेवून म्हणाले, "अहो, आमचं आडनाव ळ चं आहे, आमच्या वडलांनी सगळ्या कागदांवर ळ च लावलाय." मी म्हटलं काका माफ करा, लगेच करतो, आणि त्यांच्यासमोर दुरुस्त करून सेव्ह केलं, तर परत ल. परत केलं, परत ल. माझाच ट्रिगर मला करू देईना. काका शांतपणे बसून होते आणि मला घाम फुटला होता. माणसाचं नाव आहे ते, त्याच्यावर त्याचा हक्क, आपण कोण ठरवणारे. त्याच संध्याकाळी यादी काढली, आणि ज्यांची ज्यांची आडनावं बदलली गेली होती त्यांच्या कागदी फॉर्मवरून परत घातली.

तेव्हापासून माझ्या मनात रेघ पक्की आहे. जो फरक डोळ्याला दिसतच नाही तो ट्रिगरने मिटवावा, आणि जो फरक दिसतो तो माणसाने ठरवावा. कराड का कऱ्हाड, हे माणसाने ठरवायचं, त्यासाठी आम्ही गावांचं वेगळं टेबल केलं आणि फॉर्मवर यादीतून निवडायला दिलं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर २०२३ मध्ये झालं म्हणून सभासदाचा पत्ता बदलणं ठीक, पण १९८५ ला औरंगाबादेत छापलेल्या पुस्तकाचं प्रकाशनस्थळ पुस्तकावर जे छापलंय तेच राहिलं पाहिजे, ट्रिगरला त्यातलं काय कळणार. फोन नंबरमधले ०-९ देवनागरी अंक ट्रान्सलेट फंक्शनने इंग्रजी करतो, शीर्षकातल्या अंकांना हात नाही. विसर्गाचं मात्र अडलंय, लोक दुःख मध्ये विसर्गाऐवजी कोलन टाकतात, पण शीर्षकात खरा कोलनही असतो, मी सध्या दोन्ही बाजूंना स्पेस न सोडता देवनागरी अक्षरं असतील तरच बदलतो, आणि तेही फक्त शोधाच्या की मध्ये.

आणि एक, लोकांनी जसं टाईप केलं तसं मूळ नाव एका वेगळ्या कॉलममध्ये ठेवा, सफाईच्या आधी. जागा कितीशी लागते. माझ्याकडे तेव्हा हा कॉलम असता तर ती सगळी आडनावं पाच मिनिटात परत आली असती, कागदी फॉर्म उपसावे लागले नसते.

सर्चबद्दल एक सांगायला हवं कारण इथे बहुतेक जण फसतात. ट्रिगर टेबलात जाणाऱ्या मजकुरावर चालतो, शोधायला टाईप केलेल्या मजकुरावर नाही. म्हणजे आत सगळं स्वच्छ झालं आणि ताईंनी मोबाईलवरून जुन्या पद्धतीने कऱ्हाड टाईप केलं तर आधी निम्मे तरी सापडायचे, आता एकही नाही! म्हणून सफाईचं काम वेगळ्या साध्या फंक्शनमध्ये ठेवा, ट्रिगर त्याला बोलावेल आणि सर्चची क्वेरीही त्यालाच बोलावेल. हे केल्यावर ताईंचा सर्च खऱ्या अर्थाने सुधारला.

दुसरे पर्याय मी पाहिलेत. पोस्टग्रेसमध्येच व्हर्जन १२ पासून जनरेटेड कॉलम आहे, शोधाच्या की साठी तो ट्रिगरपेक्षा सुटसुटीत, पण तो वेगळा कॉलम असतो, नावाच्या कॉलमला स्वतःला साफ करत नाही. मायएसक्यूएलमध्ये बिफोर ट्रिगर आहे आणि नवी व्हॅल्यू बदलता येते पण नॉर्मलाइझसारखं फंक्शन आयतं मिळत नाही, आणि फॉरेन कीच्या कॅस्केडने (एका टेबलातला बदल जोडलेल्या टेबलात आपोआप जाणं) झालेल्या बदलांवर ट्रिगर चालत नाही. एसक्यूलाइटमध्ये ट्रिगरमधून नवी व्हॅल्यू बदलताच येत नाही, आफ्टर ट्रिगर लावून परत अपडेट मारायची. एसक्यूएल सर्व्हरला बिफोर ट्रिगरच नाही. मराठी मजकुरासाठी मला तरी पोस्टग्रेसच बरं वाटलं, आणि वाचनालयाला ते फुकट मिळतं हेही आहेच.

तक्रार एकच, ट्रिगर दिसत नाही. ॲप लिहिणाऱ्या मुलाने एक पाठवलं आणि टेबलात दुसरंच दिसलं की तो बिचारा दिवसभर स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. आमच्याकडे एक मदतीला आला होता त्याचं असं झालं. मग मी टेबलवर कॉमेंट लिहून ठेवली आणि इन्सर्टला रिटर्निंग लावलं, म्हणजे साफ झालेलं नाव लगेच परत मिळतं. वेगाचं विचाराल तर आमच्या एवढ्या डेटाला काही जाणवलं नाही. पाचापैकी साडेचार.

एक राहिलंच. मोठा डेटा भरताना काही जण वेग यावा म्हणून ट्रिगर बंद करतात, आमच्याकडेही एकदा बंद केला गेला आणि परत चालू करायचा राहिला, महिनाभर डेटा कच्चाच जात होता. आता एक चेक कंस्ट्रेंट लावलाय की नाव हे तंतोतंत त्याच्या साफ केलेल्या रूपासारखंच असलं पाहिजे, म्हणजे ट्रिगर बंद असला तर कच्चं नाव आत शिरूच शकत नाही. आणि बॅकअपवरून परत आणलं की पीजी_ट्रिगर या कॅटलॉगमधला टीजीएनेबल्ड कॉलम बघतो, ओ असेल तर चालू, डी असेल तर कुणीतरी बंद करून ठेवलाय.